जँगोविषयी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

वेबसेवा म्हणजे वेबसाइटच, अशी समजूत घेऊन पुष्कळ विद्यार्थी या विषयात प्रवेश करतात, आणि ती वेळीच दूर न झाल्यामुळे पुढील अनेक गोष्टींचे प्रयोजनच त्यांना उमगत नाही. वेबसाइट मनुष्याने वाचावी म्हणून असते. वेबसेवा मात्र एका प्रोग्रॅमने केलेल्या विचारणेला दुसऱ्या प्रोग्रॅमने उत्तर द्यावे, यासाठी असते. मोबाइलवरील आरक्षणाचे अॅप जेव्हा गाडीतील शिल्लक जागा दाखविते, तेव्हा ते सर्व्हरकडे एचटीटीपीच्या नियमांनुसार विनंती धाडते, आणि सर्व्हर सजविलेले पान न देता केवळ माहिती, बहुधा जेसन या स्वरूपात, परत करतो. ती पडद्यावर कशी मांडावी हा अॅपचा अधिकार. अशा सेवा उभारण्यासाठी पायथन भाषेत जी फ्रेमवर्क प्रचलित आहेत, त्यांत जँगोचे स्थान जुने आणि भक्कम आहे, आणि त्याच्याविषयीचे गैरसमजही तितकेच जुने आहेत.

जँगो ही स्वतंत्र भाषा आहे, असे मानून पायथनच्या अभ्यासास बगल देणारे थोडे नाहीत. जँगो संपूर्णतः पायथनमध्ये लिहिलेले असून पायथन न जाणता त्यात दोन पावलेही नीट टाकता येत नाहीत. ते नुसती लायब्ररीही नव्हे, कारण लायब्ररीतील फंक्शनला आपला प्रोग्रॅम बोलावतो, तर फ्रेमवर्कात हा संबंध उलटा होऊन फ्रेमवर्कच आपल्या कोडला योग्य वेळी पाचारण करते. कचेरीत आलेल्या अर्जाची जशी आधी आवक नोंद होते, अर्जदाराची शहानिशा होते, मग तो संबंधित कारकुनाकडे जातो, आणि कारकून दप्तर पाहून जबाब तयार केल्यावर जावक नोंद होऊन तो बाहेर पडतो, तद्वत जँगोत प्रत्येक विनंती प्रथम मिडलवेअरच्या थरांतून जाते, यूआरएलच्या कोष्टकावरून तिचा व्ह्यू निश्चित होतो, व्ह्यू हा मॉडेलच्या द्वारे डेटाबेस पाहून उत्तर सिद्ध करतो, आणि ते उत्तर त्याच थरांतून उलट्या क्रमाने परत जाते. येथेच आणखी एक घोटाळा होतो. इतर अनेक फ्रेमवर्कांत व्ह्यू म्हणजे दर्शनी मांडणी, पण जँगोत दर्शनी मांडणीचे काम टेम्प्लेट करते आणि कोणती माहिती द्यावयाची याचा निर्णय व्ह्यू करतो. जावाचे फ्रेमवर्क शिकून आलेला विद्यार्थी या एका फरकापायी पहिले काही दिवस निष्कारण चाचपडतो.

जँगो वृत्तपत्राच्या कार्यालयात जन्मास आले हे खरे. अमेरिकेतील कॅन्सस संस्थानात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी पायथनमध्ये काम आरंभिले, आणि बातमीच्या धंद्यात मुदत तासांत मोजली जात असल्यामुळे पुन्हा पुन्हा करावी लागणारी कामे एकदाच आणि नीट करून ठेवण्याची निकड त्यांना भासली. जुलै २००५ मध्ये हे काम बीएसडी परवान्याखाली सर्वांस खुले झाले, त्याला जँगो रेनहार्ट या गिटारवादकाचे नाव मिळाले, आणि २००८ साली त्याच्या सांभाळासाठी जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले. परंतु या इतिहासावरून ते केवळ बातम्यांच्या संकेतस्थळांपुरते आहे असा जो निष्कर्ष काढला जातो, तो निराधार होय. जेसन स्वरूपातील उत्तर देण्याची सोय खुद्द जँगोतच आहे. आणि मोठी सेवा उभारावयाची असेल तर टॉम क्रिस्टी यांनी आरंभिलेले जँगो रेस्ट फ्रेमवर्क हाताशी आहे. ते जँगोचा अंगभूत भाग नसून निराळे पॅकेज आहे, ही गोष्ट मात्र ध्यानात असावी, कारण दोहोंच्या आवृत्त्या वेगळ्या निघतात आणि त्यांचा मेळ आपल्यालाच घालावा लागतो.

जँगो संथ आहे, हा आक्षेप तर जवळजवळ प्रत्येक चर्चेत निघतो. इन्स्टाग्रामसारखी प्रचंड सेवा जँगोवर उभी राहिली, आणि २०१७ च्या पायकॉन परिषदेत तिच्या अभियंत्यांनी ती पायथन ३ वर कशी नेली याची हकीकत जाहीरपणे सांगितली. तेव्हा भार सोसत नाही हे म्हणणे टिकत नाही. पायथनची स्वतःची गती सी अथवा गो या भाषांहून कमी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि सामान्य सेवेत विलंबाचे मूळ बहुधा भाषेत नसून डेटाबेसकडे होणाऱ्या अनावश्यक खेपांत असते. शंभर पुस्तकांची यादी आणि प्रत्येकापुढे लेखकाचे नाव द्यावयाचे असता, असावधपणे लिहिलेला कोड पुस्तकांसाठी एक आणि लेखकांसाठी शंभर अशा एकशे एक क्वेरी करतो. तोच कोड सिलेक्ट रिलेटेड या मेथडचा उपयोग करून लिहिला तर एकाच क्वेरीत सर्व काम उरकते. दोष चालकाचा असता वाहनास बोल लावू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

जेसन दिले की सेवा रेस्ट झाली, हाही एक रूढ समज. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत सादर केलेल्या प्रबंधात रेस्टचे जे निर्बंध सांगितले, त्यांत जेसनचा उल्लेखही नाही. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असावी आणि सर्व संसाधनांशी एकाच पद्धतीने व्यवहार व्हावा, यांसारखी ती तत्त्वे आहेत.

मराठी मजकुराशी ज्यांचा संबंध येतो त्यांच्यासाठी एक गोष्ट अधिक विस्ताराने सांगणे अगत्याचे वाटते. जँगोच्या साध्या जेसन उत्तरात देवनागरी अक्षरांच्या जागी तिरप्या रेघेने सुरू होणारे विचित्र संकेत दिसतात, आणि ते पाहून आपला मजकूर बिघडला, डेटाबेसमध्ये मराठी टिकत नाही, अशा घबराटीने लोक सगळा डेटाबेस उलथापालथा करू लागतात. वस्तुतः काहीही बिघडलेले नसते. पायथनचे जेसन मॉड्यूल, निराळी सूचना न दिल्यास, आस्कीबाहेरील प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहिते. ‘क’ चा तो क्रमांक षोडशमान पद्धतीत ०९१५ आहे. उत्तर वाचणारा कोणताही प्रोग्रॅम त्या संकेताचा पुन्हा ‘क’ च करतो. फरक पडतो तो आकारात: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, तर या संकेतात सहा. जँगो रेस्ट फ्रेमवर्क मात्र मुळातच अक्षरे जशीच्या तशी पाठविते, आणि साध्या जँगोतही तशी सूचना एका ओळीत देता येते.

आता ज्या गैरसमजाने खरी हानी होते, त्याकडे वळतो. जँगो सुरक्षित आहे, सबब आपली सेवाही सुरक्षित आहे, असा तो समज होय. जँगोने या बाबतीत केलेले काम आदरास पात्र आहे. मॉडेलवरून क्वेरी तयार करणारी त्याची ओआरएम ही व्यवस्था क्वेरी आणि तीतील मूल्ये निरनिराळी ठेवून डेटाबेसकडे देते, त्यामुळे एसक्यूएल इंजेक्शनचा सरळ मार्ग बंद होतो. टेम्प्लेटमध्ये येणारा मजकूर आपोआप निर्धोक केला जातो. पासवर्ड मूळ स्वरूपात कधीच साठविला जात नाही, आणि ५.२ या आवृत्तीत त्याचा हॅश करण्यासाठी तीच प्रक्रिया दहा लक्ष वेळा केली जाते. पण हा बंदोबस्त आपल्या हाताने मोडणे फार सोपे आहे. वापरकर्त्याने दिलेला शब्द स्ट्रिंगमध्ये जोडून कच्ची एसक्यूएल क्वेरी लिहिली, किंवा परक्या संकेतस्थळावरून घडविलेल्या खोट्या विनंत्या रोखणाऱ्या सीएसआरएफ तपासणीची हरकत आली म्हणून ती तपासणीच त्या व्ह्यूपुरती रद्द केली, की जँगोचा उपाय राहत नाही. शिकताना जो सर्व्हर आपण एका आज्ञेने चालवितो, तोच पुढे लोकांसाठी खुला करण्याची चूकही वारंवार होते, वास्तविक त्याची सुरक्षेच्या दृष्टीने तपासणी झालेली नाही असे जँगोचे दस्तऐवजच स्पष्ट बजावतात; त्या कामासाठी गनिकॉर्नसारखा सर्व्हर योजावा लागतो आणि डीबग हे सेटिंग बंद करावे लागते, एरवी प्रत्येक त्रुटीबरोबर आतील कोडचा तपशील परक्याच्या हाती पडतो. आवृत्तीलाही मुदत असते: एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ५.२ या दीर्घमुदतीच्या आवृत्तीस सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील त्या एप्रिल २०२८ पर्यंत.

याहूनही महत्त्वाची बाब म्हणजे अधिकाराची. लॉगिन झाले की काम झाले असे मानले जाते. परंतु विनंती करणारा कोण हा एक प्रश्न, आणि त्याने मागितलेली नोंद पाहण्याचा त्याला अधिकार आहे काय, हा सर्वस्वी दुसरा. १०४१ क्रमांकाचे आपले बिल पाहणाऱ्या ग्राहकाने पत्त्यात १०४२ असे लिहिले आणि सेवेने परक्याचे बिल निमूटपणे त्याच्या हाती दिले, तर पासवर्डाचा भक्कम हॅश तेथे काय कामाचा? वेबसेवांच्या धोक्यांची जी यादी ओवॅस्प ही संस्था काढते, तिच्या २०१९ आणि २०२३ या दोन्ही आवृत्त्यांत हाच दोष प्रथम क्रमांकावर आहे. कोणते बिल कोणाचे, हे ज्ञान कोणत्याही फ्रेमवर्कापाशी असू शकत नाही. ते व्यवहाराचे ज्ञान आहे आणि ते कोडात उतरविणे लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे.

जँगो रेस्ट फ्रेमवर्क यासाठी साधने देते, पण परवानगीचे सेटिंग आपण केले नाही तर ते सर्वांस मुक्त प्रवेश देते, हे अनेकांस ठाऊक नसते. एकेका नोंदीची परवानगी तपासणारा नियम लिहिला तरी तो एकच नोंद मागितली असतानाच लागू होतो. यादी मागितली तर तीतील प्रत्येक नोंदीवर तो चालविला जात नाही, कारण तसे केल्यास यादी फार मंदावेल. म्हणून यादी देणाऱ्या व्ह्यूमध्ये क्वेरीसेटच मुळात लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या नोंदींपुरता मर्यादित करावा. नोंद शोधण्याची मेथड आपण नव्याने लिहिली असेल तर तीत परवानगीची तपासणी स्वतः बोलवावी. आणि एका ग्राहकाच्या खात्याने दुसऱ्याचे बिल मागणारी चाचणी प्रत्येक मार्गासाठी लिहून, तिचे उत्तर २०० (यशस्वी) न येता ४०३ (मनाई) अथवा ४०४ (सापडले नाही) येते याची खातरजमा करूनच सेवा लोकांसाठी खुली करावी.