गेमच्या पेटीतला संगणक आणि अर्थिंगची तार

परळीच्या औष्णिक केंद्रात १९७१ पासून वीज तयार होते. पण बीड जिल्ह्यातल्या दुकानदाराला सरळ, स्थिर वीज मिळेलच याची खात्री नसते. व्हिडिओ गेमच्या पेट्या चालविणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. जुन्या पेटीचे सर्किट गेले की कारागीर त्याच प्लायवूडच्या पेटीत साधा संगणक बसवून देतात. सुतारकाम सुबक असते, रंगही झकास; वायरिंगकडे मात्र सर्वांत शेवटी पाहिले जाते.

बीडमधील अशाच एका दुकानात आम्ही पेटीचे मागचे दार उघडून पाहिले. आत सर्ज गार्ड होता, त्याचा दिवाही लागलेला. पण भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्रामागे तारच नव्हती! नाणे टाकायच्या लोखंडी दाराला हात लावला की झिणझिण्या येतात, पोरे त्याला हसतात, असे मालक सांगत होते.

ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. संगणकाच्या पॉवर सप्लायमधले छोटे कपॅसिटर त्याच्या धातूच्या खोक्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर तेथून जोडलेल्या सर्व धातूवर सुमारे ११५ व्होल्ट येतात. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. उद्या आतली फेजची तार सोलून दाराला टेकली, तर तिथे एखाद्या मुलाचा हात असेल.

सर्ज गार्डमधील व्हॅरिस्टर अचानक आलेला जादा दाब दुसऱ्या वाटेला लावतो. जमिनीची वाटच नसेल तर अर्थिंगला जोडलेले व्हॅरिस्टर शोभेपुरते उरतात. स्टॅबिलायझरने हे काम होत नाही. तो कमी-जास्त व्होल्टेज सावरतो, पण वीज कडाडल्यावर येणारा क्षणाचा झटका त्याला आवरत नाही.

याहून वाईट म्हणजे खांबावरचा न्यूट्रल तुटणे. मग २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि व्हॅरिस्टर पेटतो. म्हणून गार्ड प्लायवूडच्या आत ठेवू नये. त्याच्या आधी जादा व्होल्टेजला वीज तोडणारा कट-ऑफ बसवावा. काही वायरमन अर्थिंगच्या पिनेला न्यूट्रलच जोडून मोकळे होतात. त्यांना साफ नकार द्यावा. न्यूट्रल तुटताच सारी पेटीच फेजवर येते.

दुकानामागे किमान अडीच मीटर लांबीचा जस्ती पाइप जमिनीत उभा पुरून घ्यावा. आपल्याकडचा मुरूम उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होते, तेव्हा खड्ड्यात पाणी ओतत राहावे. (२०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्रच बंद ठेवावे लागले, तिथे खड्ड्याची काय कथा!) नाण्याचे दार, पडद्याची चौकट आणि पॉवर सप्लाय एकाच हिरव्या तारेने जोडावेत. बटणांच्या ५ व्होल्टच्या तारा वेगळ्या बाजूने न्याव्यात. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

तो बसविण्याआधी, पेटी काढून ठेवून, वायरमनकडून फेज आणि अर्थिंग यांमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून पाहावा. मंद जळला तर खड्डा पुन्हा करावा. उरुसात पेट्या नेणाऱ्यांनी जनरेटरवाल्याला आधी अर्थिंगचा रॉड कुठे ठोकला ते विचारावे, भाड्याचे नंतर बोलावे.