वृद्धांची शस्त्रक्रिया आणि अन्नाचे बळ

घरातील वडीलधाऱ्या माणसावर शस्त्रक्रिया करावयाची ठरली की शस्त्रवैद्य कोण, खर्च किती, रक्त कोण देणार, याची चर्चा घरोघर होते. रुग्णाचे वजन गेल्या सहा महिन्यांत किती घटले आणि तो हल्ली जेवतो किती, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. उतारवयात याच प्रश्नावर पुष्कळ काही अवलंबून असते, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील शस्त्रवैद्य हायरम स्टडली यांनी 1936 साली जठरव्रणाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन एकपंचमांशाहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी शेकडा सुमारे 33 दगावले. इतरांत हे प्रमाण शेकडा 3 ते 4 इतकेच होते. आजची भूल व औषधे त्या वेळेपेक्षा किती तरी सुधारली आहेत आणि हे आकडे आज जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण वजन गमावून शस्त्रक्रियेस येणाऱ्याला अधिक धोका, हा नियम कायम आहे.

याचे कारण काय? त्याच दशकात ग्लासगो येथील डेव्हिड कथबर्टसन यांनी असे दाखविले की, पायाचे हाड मोडलेल्या रुग्णाच्या लघवीतून नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक नत्र बाहेर पडते. नत्र जाते म्हणजे प्रथिने जातात. शस्त्रक्रिया हीही शरीराच्या दृष्टीने एक जखमच होय. ती भरून काढण्यास प्रथिने लागतात, आणि चरबीप्रमाणे त्यांचा वेगळा साठा शरीरात नसतो. ती स्नायूंतून काढली जातात. तरुणाला हा खर्च सोसतो. वृद्धाचे स्नायू वयामुळे आधीच झिजलेले असतात. श्वास घेण्याचे व खोकून कफ काढण्याचे कामही स्नायूच करतात. ते दुबळे झाले की न्यूमोनिया गाठतो, उठबस लांबते आणि अंथरुणात पाठीला जखमा होतात. अंगाने स्थूल दिसणारी आजीसुद्धा स्नायूंच्या बाबतीत दरिद्री असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून तयारी आधीपासून हवी. सहा महिन्यांत शेकडा 10 हून अधिक वजन घटले असेल, तर ते शस्त्रवैद्यास आवर्जून सांगावे. अशा रुग्णास 7 ते 14 दिवस नीट पोषण देऊन मग शस्त्रक्रिया करणे, कर्करोगातही पुष्कळदा हिताचे ठरते. खुब्याचे हाड मोडले असता किंवा आतड्याला पीळ पडला असता मात्र थांबता येत नाही. तेथे शस्त्रक्रियेनंतरचे पोषण अधिकच महत्त्वाचे.

दुसरा प्रश्न उपासाचा. भूल दिली असता पोटातील अन्न उलटून फुफ्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. न्यूयॉर्कच्या मेंडेलसन यांनी 1946 साली हा धोका विशद केला, आणि रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही, असा शिरस्ता पडला. आता ज्यांचे जठर नीट रिकामे होते त्यांना घन अन्न 6 तास आणि साधे पाणी 2 तास आधीपर्यंत चालते, असे भूलतज्ज्ञ मानतात. सकाळची शस्त्रक्रिया दुपारवर गेली तर वृद्ध रुग्ण पंधरा-सोळा तास कोरडा राहतो. अशा वेळी ‘पाणी देऊ का?’ असे विचारण्यास नातेवाइकांनी संकोच करू नये. मात्र न विचारता काहीही देऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर आपल्याकडे पेज, साबुदाण्याची खीर किंवा नारळपाणी यांवर रुग्णास दिवसेंदिवस ठेवितात. ही ‘हलकी’ म्हणून माया असते; पण वाटीभर पेजेतून जेमतेम 2 ग्रॅम प्रथिने मिळतात. 50 किलो वजनाच्या वृद्धास या काळात दिवसाला 60 ते 75 ग्रॅम लागतात. डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी 1990 नंतरच्या दशकात आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरही रुग्णास लवकर खाऊ घालण्याची व लवकर चालविण्याची पद्धत रूढ केली. तेव्हा डॉक्टरांनी परवानगी देताच पेजेबरोबर दूध, दही, मऊ वरण, अंडे, पनीर, दाण्याचे कूट, चालत असल्यास मासळी, असे थोडे थोडे दिवसातून सहा वेळा द्यावे. पेलाभर दुधात सुमारे 6 ग्रॅम, एका अंड्यात तितकीच, वाटीभर घट्ट वरणात 6-7 ग्रॅम प्रथिने असतात. कवळी जवळ आहे ना, हेही पाहावे. दातांवाचून ताट तसेच परत जाते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. आणि फार दिवस उपाशी राहिलेल्यास एकदम भरपूर अन्न देऊ नये. रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम घसरून हृदय बिघडू शकते.

रुग्णाजवळ बसणाऱ्याने एक लहानशी वही ठेवावी व दर वेळी ताटातून किती गेले आणि किती परत आले, ते लिहावे. डॉक्टर फेरीला आले म्हणजे ती त्यांच्यापुढे धरावी. औषधांच्या कागदाइतकेच तिचे मोल आहे, असे आम्हांस वाटते.