न्हाणीतील औषधी वडी

हुलसूरकडील कित्येक घरांच्या न्हाणीत आता साबणाच्या दोन वड्या दिसतात. एक नेहमीची, दुसरी ‘औषधाची’. ही दुसरी वडी आणलेली असते घरातील एकासाठी. परंतु एकदा कोनाड्यात येऊन बसली की ती सर्वांची होते. आजोबांच्या मांडीवरून ती सुनेच्या कमरेवर जाते आणि शाळेतून आलेल्या मुलाच्या मानेलाही लागते. चार महिन्यांनी पाहावे तो वड्या डझनभर संपलेल्या असतात आणि गजकर्ण एकाचे चौघांना झालेले असते.

हुलसूर हे सीमेवरचे गाव. पूर्वी बसवकल्याण तालुक्यात असलेले हे गाव आता बीदर जिल्ह्यातील स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले आहे. येथे एकाच व्याधीला तीन भाषांतून हाका मारतात. आम्ही गजकर्ण किंवा नायटा म्हणतो, उर्दू बोलणारे शेजारी दाद म्हणतात आणि कानडीत तिला हुळुकड्डी असेही नाव आहे. हुळु म्हणजे किडा. वास्तविक या दुखण्यात किडा कोठेच नाही. ही बुरशी होय. आपल्या कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरात केराटिन नावाचे द्रव्य असते. त्यावर ती जगते. मधला भाग निवळत जातो, कड पसरत जाते, म्हणून चकंदळ उमटते. घाम आणि ओल तिला मानवते. पावसाळ्यात सोयाबीन-तुरीच्या रानात दिवसभर भिजलेले धोतर, किंवा परकराची नाडी जेथे करकचून बसते ती कमरेची रेघ, या तिच्या आवडत्या जागा.

मग साबणाने ही बुरशी का जाऊ नये? औषधी वडीत बहुधा केटोकोनॅझोल हे बुरशीनाशक असते, आणि ते खोटे औषध नव्हे. छाती-पाठीवर फिकट डाग उमटतात, ज्यांना आपण शिबे म्हणतो, त्यांच्यावर केटोकोनॅझोलचा फेस तीन ते पाच मिनिटे राहू दिला तर चांगला उपयोग होतो. कारण ते डाग उठवणारी बुरशी कातडीच्या अगदी पृष्ठभागावर असते. गजकर्णाचे तसे नाही. तेथे औषध आठवड्यांमागून आठवडे कातडीवर टिकून राहावे लागते. साबण हा धुऊन टाकण्याचाच पदार्थ! मिनिटभर अंगावर फिरला आणि तांब्याभर पाण्याबरोबर मोरीत गेला. म्हणून गजकर्णात ही वडी फार तर मदतनीस आहे. मुख्य काम मलमाचे किंवा पोटात घ्यावयाच्या औषधाचे.

वडी वापरूच नये असे आम्ही म्हणत नाही. डॉक्टरांनी सांगितली असेल तर जरूर वापरावी, पण ज्याची त्याने, स्वतंत्र डबीत, कोरडी ठेवून. हाताने फेस करून लावावा. वजरी किंवा काथ्या घेऊन चकंदळ घासू नये. साबण मुळात अल्कधर्मी आणि आपली कातडी किंचित आम्लधर्मी, त्यामुळे दिवसातून तीन-तीनदा धुतल्याने कातडी रखरखीत होते, तडे जातात आणि खाज उलट वाढते. पुष्कळजण त्याच पाण्यात जंतुनाशक द्रवही ओततात. त्याने भाजल्यासारखी आग होते, बुरशी मात्र मरत नाही. कातडी चिघळली असेल, पाणी सुटले असेल तर वडी बाजूला ठेवावी. तान्ह्या मुलांना तर ती विचारल्याशिवाय लावूच नये. डोक्यातील गजकर्ण, जे मुलांत विशेष आढळते व ज्यात केस तुटून टक्कल पडते, ते नुसत्या साबणाने किंवा मलमाने जात नाही. त्याला पोटातून औषध लागते.

आता वडीहून घातक अशा वस्तूकडे वळतो. आमच्या नात्यातील एका सुनेच्या कमरेला दोन वर्षांपूर्वी गजकर्ण झाले. दाखवायचे कोणाला? जागा लाजेची, डॉक्टर पुरुष. तिने मुलाला दुकानी धाडले आणि दुकानदाराने वडीबरोबर एक लहानशी ट्यूबही दिली. तिसऱ्या दिवशी खाज थांबली, लाली गेली. घरात सर्वांनी दुकानदाराला दुवा दिला. ट्यूब संपताच चकंदळ दुप्पट होऊन परतले. अशा सात-आठ ट्यूबा झाल्या. अखेर बीदरला त्वचारोगतज्ज्ञांना दाखविले तेव्हा कमरेची कातडी कागदासारखी पातळ झाली होती आणि तीवर बाळंतिणीच्या पोटावर उमटतात तसे वळ होते. ते वळ आजही आहेत.

त्या ट्यूबेत बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड मिसळलेले होते. स्टेरॉइड खाज दाबते, तशीच बुरशीशी झगडणारी शरीराची शक्तीही दाबते. 2018 साली केंद्र सरकारने लावावयाची चौदा स्टेरॉइडे ‘एच’ अनुसूचीत घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकावयाची नाहीत. वेष्टनावर सारे छापलेले असते, परंतु इंग्रजीत, आणि डोळ्यांना न दिसेल एवढ्या अक्षरांत. ‘क्लोबेटासॉल’, ‘बीटामेथासोन’ एवढे दोन शब्द शाळेत जाणाऱ्या नातवाकडून शोधून घ्यावेत. डॉक्टरांकडे जाताना रिकामी ट्यूब घेऊन जावे. रागावतील म्हणून लपवू नये.

दुखणे हल्ली हट्टी झाले आहे हेही खरे. जपानमध्ये भारतीय व नेपाळी रुग्णांच्या कातडीवर आढळलेल्या बुरशीला 2020 साली तेथील संशोधकांनी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती दाद देत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांत ती सापडल्याची नोंद झाली. तेव्हा डॉक्टरांनी औषध बदलले किंवा महिने वाढविले तर त्यांच्यावर संशय घेऊ नये. गरोदरपण, काविळीचा इतिहास, हृदयाच्या चालू गोळ्या हे मात्र त्यांना आपण होऊन सांगावे.

बीदरच्या डॉक्टरांनी त्या सुनेच्या कमरेचा कोंडा खरवडून काचेवर घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू पाहिले. पाच मिनिटांची ही तपासणी. पण ती व्हावयास हवी, कारण प्रत्येक चट्टा गजकर्णाचा नसतो. ज्या फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नाही तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यासाठी सरकारी दवाखाना गाठावा, तेथे औषध विनामूल्य मिळते. रात्री सर्व घरच खाजवीत असेल तर खरजेचा संशय घ्यावा.

सुनेला मलम दोन वेळा, चकंदळाच्या कडेबाहेर दोन बोटे जागा धरून, आणि डाग दिसेनासे झाल्यावरही दोन आठवडे लावावयास सांगितले. पोटातही औषध होते. घरातील ज्यांना ज्यांना खाज होती त्या सर्वांवर एकदमच उपचार झाले. नाही तर एकाचे बरे होते आणि दुसऱ्याकडून परत येते. कपडे वेगळे, कढत पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात वाळवावयाचे. सासूबाईंना हे शेवटचेच जड गेले. सुनेचा परकर अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस पडेल असा वाळत घालावयाचा, हे त्यांना रुचेना. इतकी वर्षे तो माजघरातील वलणीवर, इतर लुगड्यांच्या खाली, दमटच सुकत आला होता. मग परसात गोठ्याच्या भिंतीला दक्षिणेकडून एक दोरी बांधली गेली. साडेतीन महिन्यांनी औषध थांबले. दोरी अजून आहे, आणि आता सासूबाईंची लुगडीही तीवरच असतात.