वाटचालीविना वारी : घर, गाव आणि पडदा

ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या वाटेने, नेमाने पंढरपूरला जाणे हा वारकरी संप्रदायाच्या उपासनेचा कणा आहे. आषाढ शुद्ध एकादशीपूर्वी आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या आणि देहूहून तुकाराम महाराजांच्या पादुका पालखीतून निघतात, वाटेत आणि पंढरपुरात लाखो वारकरी एकत्र येतात आणि सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाटचाल अडीच-तीन आठवडे चालते. करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत ही वाटचाल थांबली, परंतु वारीचा नेम थांबला नाही. एवढा मोठा वार्षिक मेळा मंदिरातील मोजक्या माणसांवर, घरांवर, गावांवर आणि काही प्रमाणात मोबाइलच्या पडद्यावर कसा विभागला गेला, हे समजून घेतल्यास या परंपरेचे बळ नेमके कशात आहे, तेही स्पष्ट होते.

पंढरपूरचे विठ्ठल-रुक्मिणी मंदिर १७ मार्च २०२० पासून भाविकांसाठी बंद करण्यात आले होते, तरी आतील नित्योपचार, म्हणजे काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतची दैनंदिन पूजाव्यवस्था, अखंड चालू राहिले. देहूत १२ जूनला आणि आळंदीत १३ जूनला प्रस्थानाचे विधी मोजक्या उपस्थितीत झाले, पादुका वाटचालीला न निघता मूळ स्थानीच ठेवण्यात आल्या आणि दशमीला, ३० जून रोजी, त्या एस.टी.च्या बसने पंढरपुरात आणण्यात आल्या. एरवी दर्शनाच्या रांगेत सर्वांत पुढे असलेल्या दांपत्याला एकादशीच्या शासकीय महापूजेत मानाचे वारकरी म्हणून बसण्याचा मान मिळतो. त्या वर्षी रांगच नसल्याने हा मान मंदिरात पहारा देणाऱ्या विणेकऱ्याला देण्यात आला. पहाऱ्याची ही वीणा खाली ठेवली जात नाही, ती एका विणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्यामुळे बंद दारांआड नेम सांभाळणाऱ्याला मान देण्याचा हा निर्णय परंपरेच्या आशयाला धरूनच होता.

दुसऱ्या वर्षी मानाच्या १० पालख्यांना प्रत्येकी दोन बस आणि ४० वारकरी अशी परवानगी मिळाली आणि पंढरपूरजवळच्या वाखरीपासून पुढे दीड किलोमीटरची प्रातिनिधिक पायी वारी झाली. ही मर्यादा सर्वांना मान्य नव्हती. पायी वारीचा आग्रह धरणाऱ्यांनी शासनाच्या निर्णयाला विरोध केला, निर्बंधांविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि जुलै २०२१ मध्ये ती फेटाळली गेली. या वादाकडे केवळ हट्ट म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. ज्या उपासनेत चालणे हेच साधन आहे, त्या उपासनेतून चालणे वगळल्यावर शिल्लक काय राहते, हा प्रश्न मनापासून विचारला गेला होता.

त्याचे एक उत्तर परंपरेत आधीपासून होते. पुंडलिकाच्या कथेत देव भक्ताच्या दारी येतो आणि आई-वडिलांची सेवा पूर्ण होईपर्यंत विटेवर थांबतो. अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातील कामातच विठ्ठल पाहिला, असे परंपरा मानते, आणि त्यांच्या भेटीसाठी पांडुरंगाची पालखी अरणला जाते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपवास आणि रोजचा हरिपाठ हे नेम तर प्रत्येकाने आपापल्या घरी पाळायचेच असतात. ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ते मुंबईत वडाळ्याच्या किंवा कोल्हापूरजवळ नंदवाळच्या विठ्ठल मंदिरात जातात. अशा स्थानांना ‘प्रतिपंढरपूर’ म्हणण्याची रीत साथीच्या कितीतरी आधीची आहे. त्यामुळे घरोघरी आणि गावोगावी वारी करण्याची कल्पना लोकांना परकी वाटली नाही.

ऑनलाइन साधनांचा उपयोग या स्थानिक उपासनेला जोड म्हणून झाला. मंदिर समितीने थेट दर्शनाची सोय उपलब्ध करून दिली, महापूजेचे प्रक्षेपण घरोघरी पाहिले गेले आणि अनेक कीर्तनकारांची कीर्तने मोबाइलवर ऐकली गेली. वारीची क्षणचित्रे दूरस्थांपर्यंत पोहोचवणारे ‘फेसबुक दिंडी’सारखे उपक्रम तर २०११ पासूनच चालू होते. तथापि, दर्शन आणि श्रवण पडद्यावरून जितके सहज पोहोचते, तितके सामूहिक गायन पोहोचत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज क्षणभर उशिरा पोहोचत असल्याने दहा ठिकाणचे टाळ एका ठेक्यावर येऊ शकत नाहीत. हरिपाठ सर्वांनी मिळून म्हणायचा, तर एकाने चाल धरायची आणि इतरांनी आपले माइक बंद ठेवून घरच्या घरी साथ करायची, एवढाच मार्ग उरतो. कीर्तनकाराच्या मागे उभ्या राहणाऱ्या टाळकऱ्यांकडून मिळणारा ध्रुपदाचा प्रतिसादही अशा वेळी दुरावतो.

पायी वारीत एका वीणेमागे चालणाऱ्या गटाला दिंडी म्हणतात आणि मुक्कामाच्या ठिकाणी सर्व दिंड्या समाजआरतीसाठी एकत्र जमतात. तेथे शिस्त सांभाळणाऱ्या चोपदाराने चोप, म्हणजे हातातील दंड, उंचावताच टाळ-मृदंग थांबतात; ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, चोपदार तिच्याजवळ जाऊन तक्रार ऐकून घेतात आणि हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची माहितीही तेथेच दिली जाते. लाखोंचा समुदाय स्वतःला शिस्त लावतो ती अशा समोरासमोरच्या व्यवहारातून. एकमेकांना ‘माउली’ म्हणत पाया पडणे, एका पंगतीत जेवणे, थकलेल्याचे ओझे उचलणे या गोष्टी समतेची शिकवण अंगवळणी पाडतात, आणि त्यांना पडद्यावर पर्याय नाही.

मंदिर १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडले तेव्हा मर्यादित संख्येने मुखदर्शन, म्हणजे दुरून दर्शन, सुरू झाले. पदस्पर्श दर्शनाला २ एप्रिल २०२२ चा गुढीपाडवा उजाडावा लागला आणि त्याच वर्षी पायी वारीही पूर्ववत झाली. वाट मोकळी होताच लोक पुन्हा चालू लागले, यावरून थेट दर्शनाने वारीची जागा घेतली नव्हती हे उघड आहे. मात्र म्हणून या दोन वर्षांतील व्यवस्था मोडीत काढणे योग्य नव्हे. वृद्ध, आजारी, अपंग, घरच्या रुग्णाची सेवा करणारे आणि परदेशी असलेले मराठी भाविक यांच्यासाठी साथीचा काळ संपला तरी अडचण संपत नाही. त्यांना थेट दर्शन मिळावे, कीर्तन ऐकता यावे आणि त्यापुढे जाऊन गावच्या मंडळींनी त्यांच्या घरी हरिपाठाला जावे, अशी सोय कायम राहिली पाहिजे. ज्याला चालता येते त्याने चालावे आणि ज्याला येत नाही त्याच्यापर्यंत इतरांनी पोहोचावे. असे झाले तरच घरी राहिलेला भाविक वारीचा प्रेक्षक न राहता तिचा घटक होईल.