दोन अहवाल, एकच गुडघा

एक्स-रे म्हणतो गुडघा ठीक आहे, एमआरआय म्हणतो गादी फाटली आहे. मग खरं कोण? बहुधा दोघेही. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत अंगाचा भार सांध्यावर येतो आणि हाडांमधली फट अरुंद दिसते. झोपून काढलेल्यात तीच फट मोकळी वाटू शकते. कूर्चा आणि गादी एक्स-रेत उमटतच नाहीत, त्यासाठी एमआरआय लागतो. पण त्यात दिसणारं सगळंच दुखणारं नसतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये, एक्स-रेत झीज न दिसलेल्या पन्नाशीपुढच्या ७१० जणांपैकी ८९ टक्क्यांच्या गुडघ्यात एमआरआयवर काही ना काही बिघाड निघाला (२०१२). न दुखणाऱ्या गुडघ्यांतही प्रमाण जवळपास तितकंच होतं.

म्हणूनच २०१४ साली कतारमध्ये दोहा इथं खेळाडूंच्या जांघेच्या दुखण्याबद्दल झालेला करार मला मोलाचा वाटतो. या दुखण्याला डॉक्टर इतकी वेगवेगळी नावं देत, की अभ्यासांची तुलनाच होईना. १४ देशांतल्या २४ तज्ज्ञांनी मग वर्गवारी स्कॅनवर न बेतता रुग्णाची हकीकत आणि हाताने केलेली तपासणी यांवर बेतली. मांडीच्या आतला स्नायू दाबल्यावर दुखला आणि पाय जवळ घेताना विरोध केल्यावर तेच दुखणं उठलं, तर ते त्या स्नायूशी निगडित. मग स्कॅनचा खर्च कशाला, असं कुणी विचारेल. हाड मोडल्याची, जंतुसंसर्गाची किंवा गाठीची शंका असेल तर तो हवाच. ताप येऊन सांधा गरम झाला, सुजला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवी तिसऱ्या स्कॅनआधी डॉक्टरांना एवढंच विचारावं: दिसलेला बिघाड माझ्या दुखण्याच्या जागेशी आणि हालचालीशी जुळतो का?