फेअरिंगला तडा गेला? आधी प्लास्टिक ओळखा, मग चिकटवा

इंदूर | प्रतिनिधी

इंदूरहून निघालं की मानपूरचा घाट, खलघाटचा नर्मदा पूल, सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट आणि मग धुळे. मुंबई-आग्रा रस्त्यावर हा प्रवास बाईकवरून करणारे मराठी लोक दोन्ही राज्यांत भरपूर आहेत. सणासुदीला गावी जाऊन आलेली गाडी धुताना अनेकांच्या एक गोष्ट लक्षात येते. हेडलाईटच्या बाजूच्या पॅनलला स्क्रूपासून निघालेली केसाएवढी बारीक रेघ. महिनाभरात ती बोटभर होते आणि एके दिवशी पॅनलचा कानच तुटून हातात येतो.

दुकानात गेलं की बहुतेक वेळा दोनच सल्ले मिळतात. एक, नवीन टाका. दुसरा, फेविक्विक लावा. पहिला महाग आहे आणि दुसरा टिकत नाही. फेविक्विकचा थर वाळला की कडक होतो, त्याला लवचिकपणा नसतो. इंजिनची थरथर आणि खड्ड्यांचे धक्के बसले की तडा पुन्हा त्याच जागी उघडतो. खरं तर नीट दुरुस्ती घरीही होते, पण त्याआधी पॅनल कशाचं आहे ते कळायला हवं.

आपल्याकडे गाडीच्या अशा सगळ्या भागांना सरसकट 'फायबर' म्हणतात. ही सवय जुनी आहे. १९८० च्या दशकात इंदूरशेजारच्या पिथमपूरला कायनेटिक होंडा स्कूटर बनू लागली, तेव्हा पत्र्याच्या स्कूटरची सवय असलेल्या लोकांनी तिच्या प्लास्टिकच्या अंगालाही फायबरच म्हटलं. पण खरं फायबर म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन. करिझ्मा, पल्सर २२० यांच्यासारख्या कारखान्यातून आलेल्या गाड्यांची रंगवलेली पॅनल साधारणपणे एबीएस प्लास्टिकची असतात. लहान मुलांचे लेगोचे ठोकळे बनतात तेच हे प्लास्टिक. आतली काळी, न रंगवलेली झाकणं आणि काही मडगार्ड पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे पीपीचे असतात. दोघांची दुरुस्ती अगदी वेगळी.

ओळखायचं कसं? पॅनल काढून मागची बाजू बघा. बऱ्याचदा दोन बाणांच्या मध्ये एबीएस किंवा पीपी अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. नसतील तर रंग नसलेल्या जागेवरून नखाएवढा तुकडा कापून पाण्याच्या वाटीत टाका. पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. आणखी खात्री हवी असेल तर मागच्या बाजूला अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाका. जागा चिकट झाली तर एबीएस. पीपीवर काहीच होत नाही.

एबीएसची दुरुस्ती

एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं आणि आपलं काम त्यावरच चालतं. तुटलेल्या पॅनलचे बारीक तुकडे किंवा भंगारातलं एबीएस काचेच्या बाटलीत टाका, ते बुडेल इतकं अ‍ॅसिटोन ओता, झाकण लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मधासारखं दाट द्रावण मिळतं. बाटली काचेचीच घ्या, प्लास्टिकचा कप विरघळू शकतो. अ‍ॅसिटोन केमिकलच्या दुकानातून आणा. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल वगैरे असतं आणि काहींत तर अ‍ॅसिटोनच नसतं.

पॅनल साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. तडा जिथं संपतो तिथं दोन मिलिमीटरचं भोक पाडा. हे भोक बघायला विचित्र वाटतं आणि म्हणून लोक टाळतात, पण मला विचाराल तर सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचं तेच आहे. तड्याच्या टोकदार शेवटावर सगळा ताण एकवटतो. टोक गोल झालं की तो ताण पसरतो आणि तडा पुढं सरकत नाही.

मग रंगाच्या बाजूने तडा जुळवून टेप लावा. मागच्या बाजूने तड्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडा, निम्म्या जाडीपर्यंत. आजूबाजूची दोन बोटं जागा पॉलिश पेपरने घासा. खाचेत द्रावणाचा पातळ थर द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. एकदम जाड थर दिला तर पॅनल मऊ पडून वाकडं होतं. वरून बारीक स्टेनलेस जाळीचा तुकडा बसवून तोही द्रावणाने झाका. लोखंडी जाळी नको, गंजते. दोन दिवस गाडीला लावू नका. द्रावण रंगाच्या बाजूला सांडलं तर रंग गेलाच म्हणून समजा.

अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखंच भडकतं. काम गच्चीवर किंवा अंगणात करा, जवळ गॅस, सिगारेट, देवघरातला दिवा काही नको.

पीपीला कुठलाच साधा गोंद धरत नाही. तिथं त्याच जातीची कांडी वितळवून वेल्डिंग करावं लागतं. इंदूर, जळगाव, बऱ्हाणपूर, कुठल्याही शहरात कारचे बंपर जोडणारे कारागीर हे काम करतात. त्यांना आधीच सांगा, पॅनल पीपीचं आहे. चुकीच्या कांडीचा जोड दिसायला छान दिसतो आणि हाताने सोलून निघतो.

विम्याचा हिशोब

आता माझ्या आवडीचा भाग. पॅनल फुटलं की अनेक जण विमा क्लेम करायला धावतात. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, फायबरग्लासवर ३० टक्के. म्हणजे फॉर्म भरताना सवयीने म्हटलेलं 'फायबर' सर्व्हेअर मान्य करणार नाही.

समजा, पॅनल ४,००० रुपयांचं आहे. घसारा जाऊन २,००० उरतात, दुचाकीची सक्तीची वजावट १०० रुपये, हातात १,९००. आता दुसरी बाजू. तुमचा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता २,००० रुपये आणि त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस आहे असं धरा. क्लेम केला की बोनस शून्य, मग दरवर्षी २०, २५, ३५, ४५ टक्के असं चढत पुन्हा ५० वर यायला पाच वर्षं. हप्ता तेवढाच राहिला तरी या काळात गमावलेली सवलत १,००० अधिक ६०० अधिक ५०० अधिक ३०० अधिक १००, एकूण २,५००. हातात आले १,९०० आणि गेले २,५००. झिरो डेप असेल किंवा गाडीचं मोठं नुकसान असेल तर गणित बदलतं, पण एका पॅनलसाठी स्वतःचे आकडे घालून बघाच.

पुन्हा का फुटतं

बहुतेक तडे पडण्याने नाही, आवळण्याने येतात. स्क्रूखालचा रबरी बुश हरवतो, मेकॅनिक स्क्रू करकचून पिळतो, आणि सगळी थरथर थेट प्लास्टिकवर येते. बुश काही रुपयांत मिळतात. पॅनलचे कान त्यात बसत नसतील तर साबणाच्या पाण्याचा थेंब लावा, बुक्की मारू नका. स्क्रू सुटू नये म्हणून लावतात ते निळं थ्रेडलॉकर एबीएसजवळ नको, त्याने प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. पेट्रोल आणि ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पुसा.

पुढची पारदर्शक काच पॉलिकार्बोनेटची असेल तर तिला अ‍ॅसिटोन अजिबात लावायचं नाही, जाळीदार चिरा पडतात. तडा गेलेलं हेल्मेट तर या पद्धतीने काय, कुठल्याच पद्धतीने जोडायचं नाही.

पॅनल परत लावताना आधी सगळे स्क्रू सैल बसवा, कान जागेवर आहेत का बघा, मग एकेक करून आवळा. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवून पॅनल किंवा वायर कुठं अडत नाही ना, हे तपासा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर मागून टॉर्च मारून जोड पुन्हा एकदा बघून घ्या.