आकाशातली ओसरी

मुंबईत कंबाला हिल नावाची टेकडी आहे. तेथे एक उंच इमारत उभी आहे. तिचे नाव कांचनजंगा. मजले २८. उंची ८४ मीटर, म्हणजे सुमारे पावणेतीनशे फूट. १९८३ साली ती बांधून पुरी झाली. चार्ल्स कोरिया यांनी तिचा नकाशा केला. कोरियांचे घराणे मूळचे गोव्याचे. ते २०१५ साली वारले.

तुम्ही म्हणाल, मुंबईत उंच इमारतींना काय तोटा? मग हिचेच कौतुक का? सांगतो.

मुंबईच्या पश्चिमेला समुद्र आहे. गार वारा तिकडून येतो. म्हणून घराचे तोंड पश्चिमेला असावे असे वाटते. पण दुपारचे कडक ऊनही तिकडूनच येते. पावसाची झडही तिकडूनच येते. वारा हवा, ऊन नको, झड नको. मग करावे काय?

आपल्या वाडवडिलांनी यावर तोड काढली होती. त्यांनी घराला ओसरी केली, पडवी केली. ऊन-पाऊस तेथेच अडतो. वारा तेवढा आत येतो. मुंबईतल्या जुन्या बंगल्यांनाही असेच व्हरांडे असत.

कोरियांनी ही ओसरी उंच इमारतीत नेली. इमारतीचे कोपरे आत कोरून त्यांनी मोठ्या गच्च्या केल्या. एकेक गच्ची दोन मजले उंच. तिच्यात झाडे लावता येतात. राहत्या खोल्या तिच्या आड असतात. शिवाय घर पूर्व-पश्चिम आरपार आहे. वारा एका अंगाने येतो, दुसऱ्या अंगाने जातो.

कोपरे कोरले, तर इमारत डळमळत कशी नाही? झोपडीला मधोमध मेढ असते ना? तसा येथे मध्यभागी काँक्रीटचा भक्कम गाभा आहे. लिफ्ट त्यातूनच वरखाली जाते. वाऱ्याचा जोर तो गाभा सोसतो.

ही घरे मात्र श्रीमंतांची. २८ मजल्यांत घरे अवघी ३२! पण त्याच सुमारास कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला साध्या माणसांसाठीही एक वस्ती आखली. तेथे घरे ठेंगणी आहेत. सात घरांत मिळून एक अंगण. दोन घरांत सामाईक भिंत नाही. त्यामुळे ज्याला घर वाढवायचे, त्याला शेजाऱ्याच्या भिंतीची अडचण नाही. म्हणजे अक्कल वापरली तर थोड्या पैशांतही सुखाचे घर होते.

आज गावोगाव जुनी घरे पाडून स्लॅबची घरे होत आहेत. स्लॅब जरूर घाला. पण ओसरी जुनाट म्हणून टाकू नका. नाहीतर उन्हाळ्यात घराची भट्टी होईल. गवंड्याला बोलावण्याआधी दिवसभर आपल्या जागेवर लक्ष ठेवा. ऊन कोठून येते? वारा कोठून येतो? पावसाची झड कोणत्या अंगाला लागते? हे घरातल्या बायामाणसांनाही विचारा. दिवसभर घरात त्याच वावरतात. मग दारे, खिडक्या आणि ओसरी कोठे ते ठरवा आणि गवंड्याला तसे सांगा.